जर्मनीतली काजूबी

सीझन सरत आला की पडवीतली पोती कमी होतात आणि माझ्या बोटांवरचे काळे डाग वाढतात. राख लावा, एरंडेल चोळा, टरफलातला चीक कुठून तरी लागतोच. खानापूर तालुक्यात घरी काजू फोडणारी बाई हातावरून ओळखू येते.

परवा मुलगा बेळगावहून आला. कॉलेजात बीएस्सीला आहे. फोन पुढं करून म्हणाला, "आई, ही कसली बी, सांग."

काळपट, पाटीसारख्या दगडात दबून चपटी झालेली बी. एका बाजूला खोलगट, दुसरीकडं फुगीर, आणि डोक्याला जाडसर देठ. मी म्हटलं, "काजू. बोंड भरलेलं नाही नीट. कुठल्या गोदामात कुजवली ही?"

"जर्मनीतली आहे. चार कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीची."

सासूबाई पलीकडं गर सोलत होत्या. "तिकडं बर्फ पडतंय की रे. काजू कुठला यायचा?"

प्रश्न रास्त होता. त्यावर पोरानं जे सांगितलं ते ऐकताना माझा कटर थांबला, हे कबूल करते. डार्मस्टाट शहराजवळ मेसेल नावाची खाण आहे. ज्वालामुखीच्या स्फोटानं झालेल्या खड्ड्यात तिथं एक खोल तळं होतं. तळाच्या पाण्यात प्राणवायू नव्हता, म्हणून जे बुडालं ते कुजलं नाही, गाळात तसंच दबून राहिलं. त्या काळी ध्रुवांवरही बर्फ नव्हता. त्याच तळ्यात मगरींचे सांगाडे सापडलेत. हा दगड पाणी धरून असतो, सुकला की तडकून त्याचा चुरा होतो, म्हणून जीवाश्म ओलेच सांभाळावे लागतात. खाण बंद झाल्यावर तिथं कचरा टाकायचं ठरलं होतं म्हणे! लोकांनी विरोध केला म्हणून वाचली. १९९५ साली युनेस्कोच्या यादीत गेली.

२००७ साली मँचेस्टर, वाइल्ड आणि कॉलिन्सन या तिघा शास्त्रज्ञांनी या बियांचा अभ्यास मांडला आणि नाव ठेवलं अ‍ॅनाकार्डियम जर्मॅनिकम. नुसती बी असती तर शंका राहिली असती, पण जाड झालेल्या देठानं पुरावा पक्का केला. बोंड म्हणजे फुगलेला देठच की. खरं फळ आपण फोडतो ते.

माणसानं न नेता, मूळचाच रानात उगवणारा काजू आणि त्याची सख्खी भावंडं आज फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेत आहेत. सगळ्यात जवळचं चुलत झाड आफ्रिकेत. मधे अख्खा अटलांटिक. आणि हा समुद्र त्या बीच्याही कितीतरी आधी उघडलेला. मग हे घराणं दोन्हीकडं गेलं कसं? मेसेलची बी उत्तरेची वाट दाखवते. तेव्हा ग्रीनलंडच्या बाजूनं युरोप आणि अमेरिका जमिनीनं जोडलेले होते आणि हवा उबदार होती. पुढं गारठा वाढला आणि युरोपातला काजू संपला.

बी नेली कुणी? मला वाटलं, वटवाघळांनी. आमच्या बागेतलं बोंड तीच पळवतात आणि बी कुठंतरी टाकतात. मेसेलला वटवाघळं सापडलीतही. पण त्यांच्या पोटात निघाले पतंगांचे खवले. किडे खाणारी जात. माझा शोध तिथंच संपला.

आमच्या जांभ्या दगडात असलं काही मिळायचं नाही. तो मुळात खडक झिजूनच झालेला, त्यात पान कुठलं टिकणार? पण मेघालयात सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात आंब्यासारखी पानं मिळालीत, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेनं ती अभ्यासली. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. बिब्ब्याचं ऐकल्यावर सासूबाईंनी माझ्या बोटांकडं बघून मान डोलावली. चिकाचा स्वभाव सारखाच.

आपल्याकडचा काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला, सोळाव्या शतकात. नावही तिकडच्या तुपी भाषेतलं. म्हणजे परकाच म्हणायचा. आता सीमाभागात 'मूळचं कुठलं' हा प्रश्न जरा जपूनच विचारावा लागतो, कुणाची किती जुनी कागदं निघतील सांगता येत नाही. काजूची तर दगडातच निघाली.

दुसऱ्या दिवशी चंदगडकडचा व्यापारी आला. पोत्यात हात घालून त्यानं मूठभर बी वर काढली. "कुठली ही? वेंगुर्ल्याची कलमं काय?"

जर्मनी अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं, "नाही हो, जांबोटीकडची. गावठी."

गावठी म्हटल्यावर त्यानं किलोमागं पाच रुपये तोडलेच.