दहा किलोमीटर आधी मागे फिरलो: डेथ व्हॅलीतला जून

टायरला दोन बोटं लांब चीर पडली होती, आणि तीही बाजूच्या भिंतीला. तिथे पंक्चरचा प्लग टिकत नाही. सकाळचे सव्वासात वाजले होते. भाऊजींनी डिकीतून घरून आणलेली फळी काढली. ताईच्या पोळपाटाएवढी ती फळी खाली नसती, तर जॅक खडीत रुतत गेला असता.

आम्ही कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमध्ये होतो, रेसट्रॅक प्लाया नावाच्या कोरड्या तळ्याकडे निघालेलो. तिथे दगड आपोआप सरकतात आणि मागे लांबच लांब चर उमटतात. हिवाळ्यात साचलेल्या पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, तो फुटला की वारा त्याला ढकलतो आणि बर्फाबरोबर दगडही सरकतात. उबेहेबे विवरापासून तिथवरचा कच्चा रस्ता सुमारे ४३ किलोमीटरचा. धारदार दगड, आणि धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा. वाटेत टीकेटल जंक्शन लागतं, पाटीवर लोकांनी टांगलेल्या चहाच्या किटल्या. आमचा टायर गेला तो त्याच्या जरा पुढे. प्लाया दहाएक किलोमीटरवर.

आम्ही मूळचे चंद्रपूरचे. ४७ अंशांचं ऊन लहानपणापासून अंगावर घेतलेलं, त्यामुळे जूनची भीती वाटली नव्हती. पण इथली हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, कातडीवर येतो तोच उडून जातो. शरीरातलं पाणी कमी होतंय हे डोकं दुखायला लागल्यावर कळतं. पार्कची सूचना माणशी दिवसाला किमान चार लिटर पाण्याची आहे, आम्ही आठ नेलं होतं. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ-साखर हवी. ताईने बाटलीभर पन्हं आणि ओआरएसची पाकिटं घेतली होती. बाटलीवर ओला मोजा चढवून वाऱ्यात ठेवा, पाणी छागलीतल्यासारखं गार होतं.

डेथ व्हॅलीतल्याच फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंशांची नोंद झाली. ती जागा समुद्रसपाटीच्याही खाली आहे. रेसट्रॅक अकराशे मीटरवर, म्हणून तिथे थोडा दिलासा. उन्हाळ्यातच जायचं असेल, तर उंचावरच्या वाटा निवडा आणि पहाटे निघा. चढणीला इंजिन तापू लागलं, तर एसी बंद करा. जुलै ते सप्टेंबर पुराचाही धोका असतो. ऑगस्ट २०२३ मधल्या हिलरी वादळानंतर अख्खं पार्क जवळजवळ दोन महिने बंद होतं.

भाड्याची गाडी असेल, तर करार नीट वाचा, बहुतेक ठिकाणी कच्च्या रस्त्याला मनाई असते. स्टेपनी पूर्ण आकाराचीच हवी. आम्ही टायरमधली हवा ३५ पीएसआयवरून २५ वर आणली होती, शिवाय कॉम्प्रेसर आणि सॅटेलाइट मेसेंजर जवळ होता, कारण मोबाइलला रेंज नसते. आणि आखलेला रस्ता सोडून कुठेही गाडी घालू नका. इथे ते बेकायदा आहे, आणि चाकांच्या खुणा वर्षानुवर्षं पुसल्या जात नाहीत.

गाडी बंद पडली, तर तिच्याजवळच थांबा. जुलै १९९६ मध्ये दोन मुलांसह चार जर्मन पर्यटक इथे हरवले. त्यांची व्हॅन ऑक्टोबरमध्ये अॅन्व्हिल कॅन्यनमध्ये सापडली, टायर फुटलेले. ते चालत निघाले होते. मोठ्या दोघांचे अवशेष सापडायला २००९ उजाडलं, तेही कित्येक किलोमीटर लांब. आदल्या रात्री ताईने ही हकिकत आम्हाला वाचून दाखवली, आणि तिथेच दोन गोष्टी ठरल्या: नऊ वाजता जिथे असू तिथून परत, आणि स्टेपनी वापरावी लागली तर लगेच परत. हे घरीच ठरवून निघा. प्लाया समोर दिसायला लागला की मन ऐकत नाही.

चाक बदलून झालं तेव्हा आठ वाजले होते. भाऊजी हात पुसत म्हणाले, "अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे."

मी म्हणालो, "भाऊजी, आता स्टेपनी नाही."

ते क्षणभर दक्षिणेकडे बघत राहिले. मग फळी उचलून डिकीत ठेवली आणि गाडी वळवली. उबेहेबेपर्यंत ताशी वीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. डांबरी रस्त्याला लागलो तेव्हा दहा वाजत आले होते, बाहेर ३९ अंश. टायरात हवा भरताना कॉम्प्रेसर तापून दोनदा बंद पडला. गाडीच्या सावलीत बसून आम्ही उरलेलं पन्हं वाटून प्यायलो.

दगड पाहिले ते पुढच्या फेब्रुवारीत, स्वेटर घालून.