सुटलेला दम

"अहो, लेस नाही सुटलेली तुमची, दम सुटलाय. सरळ उभे राहा की, लाज कसली?"

आज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी निम्म्या चढल्यावर मी बुटाची घट्ट बसलेली गाठ सोडून पुन्हा बांधत होतो, तेव्हा वरून उतरणारे पंचाहत्तरीचे एक आजोबा एवढे बोलले आणि उत्तराची वाट न पाहता सावकाश खाली गेले. त्यांच्या चपलेची टाच एका बाजूने पार झिजली होती.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी व्यायाम करण्यापेक्षा तो करताना दिसण्यावरच अधिक मेहनत घेतो, हे त्यांनी बरोबर ओळखले. महागडे बूट झाले, पावले मोजणारे घड्याळ झाले, वर्षाची आगाऊ फी भरून तीन आठवड्यांत सुटलेली जिमही झाली (फी परत मिळत नाही, हे आता पाठ आहे).

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, म्हणजे रोजची जेमतेम बावीस मिनिटे. तेवढा वेळ तर मी गजर पुढे ढकलण्यातच घालवतो.

उद्या त्याच पायरीवर मी उघडपणे धापा टाकत थांबणार आहे, फक्त साडेपाचचा गजर तेवढा मध्ये आहे. तुम्ही तो कितीदा पुढे ढकलता?