रेशन फुकट आहे, मग तुम्ही अजून काय देता?

सांगलीत आम्ही गरजू घरांना मदत करणारी संस्था चालवतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. देणगीची पावती फाडताना, लग्नाच्या पंगतीत, मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभं असताना, कुठंही हाच प्रश्न येतो: "अहो, रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतोय. मग तुमच्या संस्थेचं काम काय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे मला कळतं. पण "त्यांना आळशी करून ठेवताय" हे पुढचं वाक्य ऐकलं की दोन मिनिटांत उत्तर देणं जमत नाही.

आधी हिशेब. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो धान्य. अंत्योदय, म्हणजे सगळ्यांत गरीब घरांचं कार्ड, असेल तर घराला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि त्याचा मोठा आधार आहे, यात वाद नाही. पण गहू दळून आणायला गिरणीत पैसे लागतात. भाकरीसोबत कालवण लागतं. दर महिन्याच्या रेशनमध्ये तूरडाळ, गोडेतेल, मीठ, तिखट, चहापूड, साबण येत नाही. आणि शिजवायला गॅस लागतो. घरात पोतं भरलेलं आहे आणि चूल थंड आहे, अशी घरं सांगलीत आम्ही दर महिन्याला पाहतो.

हे आम्हाला सुरुवातीपासून कळत होतं, असं मात्र नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. पाणी उतरल्यावर आम्हीसुद्धा तुमच्यासारखाच विचार केला: माणूस उपाशी आहे, धान्य द्या. पिशवी भरली ती अशी. गहू ५ किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ १ किलो, साखर १ किलो, तेलाची पिशवी, चहापूड, बिस्किटं, एक चादर. यादी केली घरपट्टीच्या नोंदीवरून आणि टोकनं वाटली त्या यादीप्रमाणे. वाटपाच्या दिवशी एक बाई दोन मुलांना घेऊन दोन तास रांगेत उभी राहिली. टेबलाशी आली तेव्हा तिचं नाव यादीत नव्हतं. ती भाड्याच्या खोलीत राहायची. यादीत घरमालकाचं नाव होतं, मालक दुसऱ्या गावात राहायला होता आणि टोकन त्याच्या भाच्याने सकाळीच नेलं होतं. आमच्या माणसाने तिला "उद्या बघू" म्हणून परत पाठवलं. नियमानं वागलो, असं त्या दिवशी आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन तिच्या खोलीवर गेलो. भिंतीवर छातीच्या उंचीला चिखलाची रेघ. दोरीवर कपड्यांच्या शेजारी चिमटे लावून रेशन कार्ड आणि मुलांचे दाखले वाळत घातलेले. कोपऱ्यात दुसऱ्या कुणीतरी दिलेला दहा किलो गहू होता. पोत्याला हात लावला तर आतून गरम लागला आणि आंबूस वास आला. गहू दळायचा कुठं? गल्लीतल्या गिरणीच्या मोटरीत पाणी गेलेलं आणि लाईट आलेली नव्हती. आम्ही आणखी पाच किलो गहू तिच्या पुढ्यात ठेवला. तिने पिशवी उघडून एकेक वस्तू बाहेर काढली, तळ चाचपला आणि विचारलं, "दादा, काडेपेटी न्हाई व्हय?"

नव्हती. शेगडीच्या बर्नरमध्ये गाळ भरलेला, तो तिने सुईने काढून ठेवला होता. सिलिंडर शेजाऱ्याकडून आणला होता. तांदूळ, डाळ, सगळं होतं. पेटवायला काही नव्हतं आणि आसपासचं एकही दुकान उघडं नव्हतं. शेकडो पिशव्या भरताना आमच्यापैकी एकालाही ते सुचलं नाही. शेवटी आमच्यापैकी एक जण मिरजेच्या बाजूला, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिकडे जाऊन काडेपेट्यांचं पुडकं घेऊन आला.

त्यानंतर पुराच्या पिशवीतून गहू गेला. आता तयार पीठ, तांदूळ, मूगडाळ (तूरडाळीपेक्षा लवकर शिजते), मीठ, तेल, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या दोन काडेपेट्या, मेणबत्त्या, पाणी शुद्ध करायला त्यात टाकायचं मेडिक्लोर, सॅनिटरी पॅड, फिनेल, नवे टॉवेल आणि नवे आतले कपडे. जुने कपडे आम्ही घेत नाही. त्यावरूनही लोक रागावतात. एक टेम्पो कपडे निवडायला चार माणसांचा पूर्ण दिवस जातो, आणि पुरात तो दिवस आमच्याकडे नसतो.

पूर नसलेल्या महिन्यांत आम्ही पिशवी भरतच नाही. गल्लीतल्या किराणा दुकानाची चिठ्ठी देतो. घरातल्या बाईला ठाऊक असतं की तेल संपलंय की साबण. चिठ्ठीवर रक्कम, तारीख आणि शिक्का असतो, आणि महिनाअखेरीस दुकानदार बिलं जोडून पैसे नेतो. यातही घोळ होतो. पहिल्याच वर्षी दुकानदाराने चिठ्ठीतून जुनी उधारी वळती करून घेतली आणि घरात काहीच पोचलं नाही. म्हणून आता प्रत्येक वस्तू लिहिलेलं बिल, त्यावर तिची सही, आणि महिन्यातून दोन-तीन घरी जाऊन डब्यात डोकावणं. हे डोकावणं मला आवडत नाही. कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन तेलाची बरणी बघण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला? पण न बघितल्यामुळे काय झालं, तेही पाहिलंय.

लाईटचं बिल आम्ही थेट महावितरणला भरतो, १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकून. तोडण्याआधी १५ दिवसांची नोटीस येते. त्या १५ दिवसांत भरलं तर फक्त बिल, नंतर जोडणीचा खर्च वेगळा. म्हणून घरोघरी सांगून ठेवलंय की नोटीस आली त्याच दिवशी फोन करा, लाजू नका. भाडेकरूचं अवघड असतं. मीटर मालकाच्या नावावर, युनिटचा दर मालक ठरवेल तो, आणि पावती नाही.

आमचा निम्मा वेळ वाटपात जात नाही, कागदात जातो. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी केल्याचा दाखला नसतो, म्हणून सासरच्या कार्डावर ते चढत नाही आणि तिचे ५ किलो दोन्हीकडून जातात. जत-आटपाडीकडून कामाला आलेल्या माणसाला वाटतं की कार्ड गावाकडचं, म्हणून धान्यही गावातच. ते इथल्या दुकानातही मिळतं, सोबत जाऊन सांगावं लागतं. हळदीत आणि वीटभट्टीवर राबलेल्या हातांचे ठसे रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाहीत. मग दुसरं बोट लावून बघायचं, हात धुऊन पुसून पुन्हा बघायचं, तरी नाही झालं तर आधार केंद्रात ठसे नव्याने घ्यायचे. यात एक दिवसाची मजुरी जाते, म्हणून तो दिवस आम्ही भरून देतो. ही मदत फोटोत येत नाही, त्यामुळे तिच्यासाठी देणगी मिळवताना फार बोलावं लागतं.

विधवा बाईला संजय गांधी निराधार योजनेतून महिना १५०० रुपये मिळू शकतात. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची. म्हणजे महिन्याला १,७५०. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई त्याच्या वर जाते. खरं उत्पन्न सांगितलं तर अर्ज बाद, खोटं सांग असं आम्ही सांगायचं का? आम्ही सांगत नाही. तिला चिठ्ठी चालू ठेवतो. हे बरोबर आहे की नुसती आमची सोय, यावर आमच्या बैठकीत दर वेळी भांडण होतं.

रोख का देत नाही, हाही तुमचा प्रश्न. पूर्वी आम्ही ठाम होतो की रोख दारूत जाते. मग एका घराला अडचणीत दोन हजार दिले, आणि ते मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात गेले. आम्ही चिडलो. बाई म्हणाली, "वसुलीवाला दारात बसला असता तर पोरीला शाळेत तोंड दाखवता आलं नसतं." तिच्या घरात त्या दिवशी तेलापेक्षा ते मोठं होतं, हे आज पटतं. तरी पुढच्या घराला रोख द्यायची वेळ आली की हात आखडतो, आणि आखडू नये असं म्हणणारे आमच्यातच आहेत.

भाडेकरूंची यादी आता घरपट्टीवरून होत नाही. दर मे महिन्यात, पावसाळ्याच्या आधी, सांगलवाडी, हरिपूर रस्ता, शामरावनगर या बाजूला दार ठोठावून खोलीत प्रत्यक्ष कोण राहतं ते लिहितो. नाव, माणसं, तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेलं कुणी, गॅस आहे की स्टोव्ह. जूनपर्यंत त्यातली काही कुटुंबं खोली बदलतात आणि यादी पुन्हा खोडावी लागते. काही दारांना दुपारी कुलूपच असतं. तिथं संध्याकाळी सातनंतर परत जावं लागतं, कामावरची माणसं तेव्हाच घरी सापडतात.