कियांतीचे चढ आणि माझं मनगट

आधी ब्रेकचं सांगते.

आपल्याकडे सायकल असो की स्कूटर, उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा. हे कुणी शिकवत नाही, हाताला आपोआप माहीत होतं. इटलीतल्या भाड्याच्या सायकलींना नेमकं उलटं असतं. टस्कनी प्रांतातल्या कियांती या टेकड्यांच्या भागात, गायोले इन कियांती या गावात, सायकल सहलीच्या पहिल्या सकाळी आमच्या गाइडनं ते दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मी हेल्मेटचा पट्टा आवळत होते. दुसऱ्यांदा कोल्हापूरहून आईचा फोन आला होता. तिकडे साडेबारा वाजलेले, त्यामुळे "जेवलीस का?" हा प्रश्न तिच्या दृष्टीनं बरोबरच होता.

अकराच्या सुमारास मुरमाच्या उतारावर एक वळण आलं. मी शहाण्यासारखा मागचा ब्रेक हलकेच दाबला. म्हणजे मला तो मागचा वाटला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबले नाही.

गुडघा खरचटला, कोपराला खडी रुतली, मनगट मुरगळलं. गाइड सायकल टाकून धावत आला, मनगट वळवून बघितलं आणि म्हणाला, "पियानो, पियानो." म्हणजे सावकाश, सावकाश. पुढचे सहा दिवस हे दोन शब्द मी इतके ऐकले की परत आल्यावर एकदा कुकरलाही म्हणाले.

आम्ही पाच जण. मी, शाळेपासूनची मैत्रीण (डॉक्टर), तिचे मिस्टर, सीए आणि सीएची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी. सगळे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पुण्यात रविवारी पहाटे बोपदेव किंवा सिंहगड करून येणारे, आणि त्याची फुशारकी आठवडाभर मारणारे. मिस्टरांचं म्हणणं होतं की सिंहगड चढणाऱ्याला टस्कनीच्या टेकड्या म्हणजे किस झाड की पत्ती.

इथेच आम्ही फसलो. आपला घाट सरळ स्वभावाचा असतो. खालून सुरू होतो, एक लय सापडते, तासाभरात माथा येतो, मग चहा. कियांतीत माथा म्हणून काही येतच नाही. दोनशे मीटर चढायचं, दीडशे उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडला की परत चढ. उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाच्या पहिल्या वळणाला संपतो आणि तोवर गिअर खाली आणला नसेल तर साखळी कुरकुरते, आपणही कुरकुरतो. संध्याकाळी घड्याळात बघितलं तर पन्नास किलोमीटर आणि साडेनऊशे मीटर चढ. त्यातला एकही चढ लक्षात राहण्याएवढा मोठा नव्हता. मांड्यांना मात्र सगळे लक्षात होते.

वहिनींनी सुरुवातीपासूनच ई-बाईक, म्हणजे पेडलला मोटरची साथ असलेली सायकल, घेतली होती. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना यथेच्छ चिडवलं. त्या प्रत्येक चढाच्या टोकाला सुरूच्या सावलीत उभ्या राहून आमचे धापा टाकतानाचे फोटो काढायच्या आणि आम्ही वर पोचायच्या आत ग्रुपवर टाकायच्या.

सप्टेंबरचा शेवट होता, द्राक्षांची तोडणी चालू होती. माझं आजोळ तासगावकडचं, त्यामुळे द्राक्षबाग म्हटलं की डोक्यावर मांडव आणि खाली गारवा. इथे वेली कमरेएवढ्या, तारेवर सरळ रांगेत बांधलेल्या, घड गुडघ्याच्या उंचीला लोंबणारे. तोडणारी माणसं दिवसभर वाकलेली. सांजोवेझे जातीचा काळा, लहान मणी. गाइडनं एका मजुराला विचारून आम्हाला एकेक दिला. गोड होता, पण बिया दाताखाली कडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी ब्रोलिओच्या किल्ल्याकडे जाणारा पांढरा रस्ता. दोन्ही बाजूंना सुरूची झाडं आणि मध्ये चुनखडीचा पांढराफटक मुरूम. असे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोलेतूनच एक सायकल सोहळा सुरू झाला, लेरोइका. त्यात १९८७ किंवा त्याआधी बनलेल्या सायकली चालतात. पोलादी सांगाडा, गिअरचा खटका खाली तिरक्या नळीवर, पाय पट्ट्यात अडकवलेले. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा. आमच्या सायकली कार्बनच्या, बत्तीस दातांचा दागिना मागच्या चाकाला, तरी निम्म्या चढावर मिस्टर उतरून चालायला लागले. सिंहगडाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

वर किल्ला बॅरन बेत्तिनो रिकासोली यांच्या घराण्याचा. हे गृहस्थ एकसंध झालेल्या इटलीचे दुसरे पंतप्रधान, आणि कियांतीच्या वाइनमध्ये कुठलं द्राक्ष किती महत्त्वाचं हे १८७२ साली लिहून ठेवणारेही तेच. पंतप्रधानपद सोडल्यावर घरी येऊन द्राक्षांत डोकं घालणारा माणूस मला फार आवडला.

जेवणाचं एक गाऱ्हाणं. टस्कनीच्या पावाला मीठ नसतं. चुकून राहिलेलं नव्हे, मुद्दामच घालत नाहीत. पाव खारवलेल्या मांसाबरोबर आणि खारट चीजबरोबर खायचा असतो, म्हणून. आम्ही तिघं शाकाहारी, मांस बाद. उरलं पेकोरिनो चीज. ते मेंढीच्या दुधाचं, पण विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, हे डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं आणि सगळ्यांना सांगितलं. काही गोष्टी विचारू नयेत. मग वहिनींनी पिशवीतून सोलापुरी शेंगाचटणी काढली. अळणी पाव, त्यावर हिरवट, घशाला किंचित झोंबणारं ऑलिव्हचं तेल, वर शेंगाचटणी. गाइडनं एक घास खाल्ला, गप्प बसला, आणि पाव पुढे केला. चौथ्या दिवशी डबा संपला तेव्हा सर्वांत जास्त हळहळला तोच.

आता कबुली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मनगट धरून आमच्यासोबतच्या व्हॅनपाशी गेले आणि "फार दुखतंय, आज हँडलवर जोर देता येणार नाही," असं सांगून जादाची ई-बाईक मागून घेतली. सगळे हळहळले. सीएनं माझी बाटली भरून दिली. मनगट तोवर छान झालं होतं. दुखत होत्या त्या मांड्या. ग्रुपमधल्या कुणी हे वाचलं तर वाचलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कियांती दिसलं. आधीचे दोन दिवस मी फक्त पुढच्या सायकलचं मागचं चाक बघत होते. राद्दा गावाच्या अलीकडे एक आजी घराच्या पायरीवर बसून घेवडा सोलत होत्या. शेंगा उभ्या चिरून दाणे अंगठ्यानं ओच्यात ढकलायची तऱ्हा थेट माझ्या आजीची. मी थांबले, बरोबर ब्रेक दाबून. त्यांनी मूठभर दाणे दाखवले, पांढऱ्यावर जांभळे ठिपके. भाषा नव्हती. मी मान डोलावली, त्यांनी माझ्या गुडघ्याच्या पट्टीकडे बघून जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

सिएना शहरात शेवटचा चढ व्हिया सांता कातेरिना या रस्त्याचा. दरवर्षी मार्चमध्ये व्यावसायिक सायकलपटू पांढऱ्या रस्त्यांवरची शर्यत करून इथून वर चढतात आणि पियाझ्झा देल कांपो या चौकात संपवतात. चढ सोळा टक्क्यांपर्यंत जातो. आम्ही सायकली हातात धरून गेलो, ई-बाईकसुद्धा. ती ढकलायला किती जड असते हे तेव्हा कळलं.

पुढे आणखी तीन दिवस झाले, ते फोटोंत बघा.

परतीच्या आदल्या दिवशी फ्लोरेन्सला होतो. मी हट्ट धरला की कासिने बागेत जायचंच. साध्या शहरी सायकली घेतल्या, मडगार्ड आणि पुढे टोपली असलेल्या. आर्नो नदीच्या कडेनं सपाट रस्ता, आठवड्यात पहिल्यांदा. बागेच्या पार टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे). इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. खास परवानगी काढून या संगमावर त्यांचं दहन केलं. १८७४ मध्ये हे स्मारक झालं. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, ज्यानं आमच्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचाही आराखडा केला. शेजारच्या मोठ्या पुलाला लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

लहानपणी हे सगळं आजोबांकडून ऐकलं होतं, पण ऐकताना महाराज म्हणजे कुणीतरी वयस्कर असं डोळ्यांपुढे यायचं. इथे समोर वीस वर्षांचा मुलगा. माझ्या लेकापेक्षा दोन वर्षांनी लहान. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, आणि जरा वेळानं म्हणाली, "थंडी वाजत असंल की रं लेकराला हितं."

डॉक्टरनं घड्याळ बघितलं. सायकली सातच्या आत परत द्यायच्या होत्या.