उथळ बाजूचे विद्यार्थी

पोहायला शिकताना लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला सूचना एकच मिळते : डोकं पाण्यात घाला आणि अंग सोडून द्या. मूल डोकं घालतं. मोठा माणूस विचारतो, "का?"

मीही विचारलं होतं. साठी उलटल्यावर पोहायला आलेल्या बाईला हा प्रश्न पडणारच, हे आमच्या शिकवणाऱ्या पोराला पाठ असावं. त्यानं शांतपणे सांगितलं, "काकू, फुफ्फुसांत हवा असते, म्हणून छाती आपोआप तरंगते. पाय जड. तुम्ही डोकं वर काढलंत की पाय खाली जाणार." अगदी पटलं. वजनाचं गणित डोळ्यांसमोर उभं राहिलं. आणि पाण्यात आडवी झाल्याबरोबर माझं डोकं बुचासारखं वर आलं, पाय तळाला.

मोठ्या वयातल्या शिकण्याची खरी गंमत इथं आहे. समजायला वेळ लागत नाही. उलट जरा जास्तच लवकर समजतं. मुलाला कारण ठाऊक नसतं आणि जमतं. आपल्याला कारण ठाऊक असतं, चार जणांना समजावूनही सांगता येतं, आणि अंग मात्र ऐकत नाही. आयुष्यभर 'कळलं म्हणजे आलं' असं धरून चाललेल्या माणसाला हा मोठाच धक्का असतो.

श्वासाचंही तेच. पाण्यात तोंड असतानाच तो हळूहळू सोडायचा, बुडबुडे काढत. मोठी माणसं तो कोंडून धरतात. बुडायची भीती असली की हवा जपून ठेवावीशी वाटते, यात चूक काय? पण जीव घाबरा होतो तो बहुतेकदा हवा संपल्यानं नव्हे, आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. शिवाय डोकं वर आल्यावर तेवढ्या एका क्षणात जुना श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा, अशी दोन कामं अंगावर पडतात. मग ठसका, नाकात पाणी, आणि काठावर बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलांचे गंभीर चेहरे. ती हसली असती तर बरं झालं असतं. त्यांना आमची काळजी वाटते.

'साठी बुद्धी नाठी' म्हणणाऱ्यांना एक सांगायला हवं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हजारो लोकांच्या चाचण्या तपासल्या गेल्या. डोकं भराभर चालवण्याचा वेग विशीच्या आतबाहेरच कळसाला पोचतो, पण शब्दसंग्रह साठीच्या पुढेपर्यंत वाढत राहतो, असं त्यात दिसलं. म्हणजे सगळी बुद्धी एकाच दिवशी सामान बांधून निघत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी तर साठीच्या आसपासच्या माणसांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवायला शिकवलं होतं. 2008 मधली ही गोष्ट. तरुणांच्या मानानं फारच थोड्यांना ते नीट जमलं. पण ज्यांना जमलं त्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ दिसून आली. सराव थांबला तशी ती पुन्हा ओसरली. मला यातला शेवटचा भागच जास्त विश्वासार्ह वाटतो. सुट्टी पडली की माझं तरंगणं असंच ओसरतं.

अशा वेळी लोक मोठी उदाहरणं देतात. टॉलस्टॉय 67व्या वर्षी सायकल शिकला. केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी 2018 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी, साक्षरतेच्या परीक्षेत 100 पैकी 98 गुण मिळवले. थोर आहे, वाद नाही. पण अशा गोष्टी ऐकल्या की मला हुरूप येण्याऐवजी दडपणच येतं. म्हातारपणीही पहिला नंबर काढायचा का? ज्यांना 40 गुण पडतील त्यांनी घरी बसायचं का?

तरुणपणी जे शिकलो त्याला काहीतरी कारण होतं : नोकरी, बढती, निदान शेजारच्यांची मुलं. वाईट पोहणं परवडण्यासारखं नव्हतं. वाईट म्हणजे वेळ फुकट. आता माझ्या पोहण्याची कुणाला गरज नाही, आणि हे फार सोयीचं आहे. मला तलावाची एक लांबी थांबत-थांबत, भिंतीला हात लावत पार करता येते. तेवढ्यानं मी दिवसभर खूश असते. सून विचारते, "आज काय झालं?" काय सांगणार? पाय वर राहिले, एवढंच.

आमच्या तुकडीत हिशेब तपासण्यात हयात घालवलेले एक गृहस्थ आहेत. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून ते खोल बाजूकडे बघत असतात. तिकडे जायची परवानगी त्यांना अजून मिळालेली नाही. पण तिथल्या प्रत्येकाचा कोपर कुठे दुमडतोय, कोण श्वास उशिरा घेतोय, हे ते बिनचूक सांगतात, आणि मग नाक चिमटीत धरून डोकं पाण्यात घालतात.