पहिली हर्डी-गर्डी घेताना आधी चाक बघा

हर्डी-गर्डी, म्हणजे मूठ फिरवून चाकाने तारा वाजवायचं युरोपातलं वाद्य, घ्यायची म्हटली की नवशिक्याची नजर जाते ती कोरीव डोक्याकडे, तारांच्या संख्येकडे, नाहीतर आवाज विजेने मोठा करणारा पिकअप बसवलाय का याकडे. वाद्य वाजणार की नाही हे यातलं काहीच ठरवत नाही. ते ठरवतं चाक. या चाकाची राळ लावलेली कड इथे व्हायोलिनच्या गजाचं काम करते. उजव्या हाताने मूठ फिरवत राहिलं की कड तारांवर घासत राहते आणि स्वर न तुटता निघतो. म्हणून चाक जरासं जरी लंबगोल असलं, तरी प्रत्येक फेऱ्यात तारेवरचा दाब वाढतो आणि घटतो, आणि स्वर हिंदकळत राहतो. हा दोष सरावाने जात नाही, तारा बदलूनही जात नाही. चाकाची कड पुन्हा गोल घासून घ्यावी लागते, आणि ते काम वाद्य बनवणाऱ्यानेच करायचं असतं.

तपासायची रीत सोपी आहे. चाकावरचं झाकण काढा, सगळ्या तारा उचलून बाजूच्या खाचांत अडकवा. पेन्सिलीचं टोक हात टेकवून चाकाच्या कडेजवळ केसभर अंतरावर स्थिर धरा आणि चाक अगदी हळू फिरवा. फट पूर्ण फेऱ्यात सारखी दिसली पाहिजे. मग समोरून बघा, चाक डावी-उजवीकडे डुलतंय का. शेवटी मूठ धरून आस पुढे-मागे ढकला. खडखडली तर बेअरिंग सैल आहे. एकसंध लाकडाचं चाक दमट हवेत लंबगोल होतं, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगतं. पहिल्या वाद्याला प्लायवूडसारखं थरांचं किंवा कृत्रिम साहित्याचं चाक असलेलं बरं.

वाद्य हातात घेता येणार नसेल तर व्हिडिओ मागवा, पण नुसती धून वाजवलेला नको. एकच सुरावटीची तार, एकही पट्टी (स्वर बदलण्यासाठी बोटांनी ढकलायची कळ) न दाबता, संथ गतीने दहा फेरे. त्यानंतर प्रत्येक पट्टी एकेक करून. विकणारा हे पाठवायला टाळाटाळ करत असेल तर ते वाद्य सोडून द्या. ऑनलाइन अगदी स्वस्तात दिसणाऱ्या शोभेच्या हर्डी-गर्डीत बहुतेक वेळा चाक आणि पट्ट्या दोन्ही बिघडलेले असतात, आणि दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीच्या वर जातो.

पट्ट्या साधारण 23 किंवा 24 असतात, म्हणजे जवळपास दोन सप्तकं. त्यांना स्प्रिंग नसते. बोटांनी आत ढकललेली पट्टी स्वतःच्या वजनाने परत खाली पडते, म्हणूनच वाद्य मांडीवर थोडं पुढे झुकवून, पट्टा लावून कमरेला घट्ट बांधून वाजवतात. प्रत्येक पट्टी ढकलून सोडा. एखादी अडकत असेल तर लाकूड फुगलंय किंवा खाच अरुंद आहे. पट्टीवरचे छोटे उभे लाकडी तुकडे, म्हणजे टँजंट, तारेला टेकून स्वर बदलतात. ते वळवूनच पट्टीचा सूर नेमका लावायचा असतो, त्यामुळे ते वळले पाहिजेत आणि वळवलेल्या जागी घट्ट राहिलेही पाहिजेत. सुरावटीच्या दोन तारा असतील तर एका पट्टीचे दोन्ही टँजंट एकाच क्षणी तारांना टेकतात का ते बघा. एक मागे राहिला की दोन तारांचे सूर एकमेकांशी भांडतात.

तारा किती हव्यात? माझ्या मते सुरुवातीला तीन-चार पुरतात: सुरावटीच्या एक-दोन, ड्रोनची (सतत एकच सूर धरणारी) एक, आणि एक झणझणणारी. पारंपरिक फ्रेंच वाद्यात सहा असतात. त्यावर तरफांच्या तारा जोडल्या की दिसायला छान, पण शिकणाऱ्याचा वेळ सूर लावण्यातच जातो. तारांचे सूर बहुधा जी-सी किंवा डी-जी या पाश्चात्त्य स्वरांत लावलेले असतात. ज्यांच्याबरोबर वाजवणार त्यांचे सूर कोणते, हे विचारून मगच ठरवा.

झणझणणाऱ्या तारेवर मात्र काटकसर करू नका, हर्डी-गर्डीचा ताल तिच्यातच आहे. या तारेखालच्या सुट्या घोडीला, म्हणजे तार पेलणाऱ्या लाकडी तुकड्याला, फ्रेंच वादक शियाँ म्हणतात. तिचा एक पाय खाचेत बसलेला असतो आणि दुसरा वाद्याच्या पोटाच्या फळीवर नुसता टेकलेला. चाकाला मनगटाने झटका दिला की तार जोरात ओढली जाते आणि मोकळा पाय फळीवर थरथरतो. तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला हा आवाज ओळखीचा वाटेल, पण जवारी सतत बोलते, ही मात्र झटका देऊ तेव्हाच बोलायला हवी. किती झटक्याला बोलायचं हे तारेला दोऱ्याने बांधलेल्या छोट्या खुंटीने ठरतं. हंगेरीच्या वाद्यात पाचर सरकवून. खुंटी ताणली की घोडी लवकर बोलते, सैल केली की उशिरा. संथ फिरवताना घोडी गप्प आणि झटक्याला लगेच स्पष्ट ‘झर्र’, एवढं जमतंय का ते बघा. खुंटी कितीही फिरवली तरी घोडी सतत कुरकुरत असेल किंवा बोलतच नसेल, तर पाय नीट घासून बसवलेला नाही.

आता कुठली घ्यायची. सिंफोनिया ही पेटीच्या आकाराची साधी हर्डी-गर्डी लहान आणि स्वस्त, पण तिच्यात बहुधा झणझणणारी तार नसते. मध्ययुगीन संगीतच वाजवायचं असेल तर उत्तम, नाचाच्या चालींना अपुरी. नेदरलँड्सच्या नर्डी गर्डीसारखी लेझरने कापलेल्या तुकड्यांचा स्वतः जोडायचा संच घेतला तर प्रत्येक भाग स्वतः जोडल्याने पुढे दुरुस्ती कळते, मात्र चाक आणि आस जोडताना घाई चालत नाही. कारागिराने बनवलेलं पूर्ण वाद्य काही हजार युरोंना पडतं आणि अनेकांकडे लांब प्रतीक्षायादी असते, म्हणून तोवर भाड्याने मिळत असेल तर घ्याच. फ्रान्समधल्या जँझा किंवा मिरकूर या गावांत 19व्या शतकात बनलेल्या जुन्या वाद्यांचा मोह पहिल्यांदा आवरा. झिजलेली चाकं आणि सुटलेले सांधे निघतात. फ्रान्समध्ये ला शात्र गावाजवळ शातो दार्स इथे जुलैत भरणाऱ्या ल सों कोंतिन्यू महोत्सवात अनेक कारागीर वाद्यं मांडतात. एकाच दिवशी दहा चाकं फिरवून बघायला याहून चांगली जागा नाही.

वाद्य घरी आलं की पहिला बिघाड बहुतेक वेळा कापसाचा असतो. तार चाकाला लागते तिथे लांब धाग्याच्या कापसाचा पातळ थर हवा. चिमूटभर कापूस ओढून विरळ करा, तारेला टेकवा आणि चाक हळू फिरवा, तो आपोआप गुंडाळला जातो. कमी पडला तर आवाज खरखरीत, जास्त झाला तर बोथट आणि उशिरा उठणारा. सुरावटीच्या तारेला सगळ्यात पातळ थर, ड्रोनला थोडा जाड. राळेचा खडा फिरत्या चाकाला हलका टेकवून काही फेरे पुरे. जास्त झाली की कापूस चिकट होऊन तार किंचाळते. चाकाच्या कडेला बोट लावू नका, त्वचेचं तेल लागलं की तिथे तार घसरते. कापूस आणि राळ ठीक असूनही तार बोलत नसेल किंवा फारच घासत असेल तर दाब बघा. घोडीच्या खाचेत तारेखाली कागदाची बारीक पट्टी घातली की दाब कमी होतो, काढली की वाढतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी पहिल्यापासून शेवटच्या पट्टीपर्यंत वाजवून बघा, कारण खालचे सूर सुधारताना वरचे सहज बिघडतात.