आमची वाटचाल : शाहूपुरीतलं एक टेबल आणि फोर केचा तो मॉनिटर

मी आणि माझा पार्टनर, दोघांनी कोल्हापुरात शाहूपुरीत एक टेबल टाकून पीसी असेंबलिंग, म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवणं, सुरू केलं. पहिली काही वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते २०१९ चं. ऑगस्टात पंचगंगेचं पाणी दुकानात शिरलं, खालच्या रॅकमधले ११ मॉनिटर गेले. पार्टनरनं घरातलं गंठण गहाण ठेवलं, नवा माल भरला, आणि दिवाळीच्या तोंडावर हे झालं.

इंजिनिअरिंगच्या एका पोरानं आमच्याकडनं पीसी नेला होता, जीटीएक्स १०६० कार्ड (गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड), २४ इंची १०८० पी मॉनिटर (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा), गेम लोण्यासारखी चालायची. आमच्यापासनं चार दुकानं सोडून एकजण आहे, नाव घेत नाही, त्यानं पोराला फोर केचा, म्हणजे त्याहून कितीतरी बारीक ठिपक्यांचा, व्हिडिओ लावून दाखवला आणि २७ इंची फोर के मॉनिटर गळ्यात मारला. 'भावा, पीसी तोच ठेव, पिक्चर बघ नुसतं.' घरी लावला तर गेम अडकायला लागली. पोरगं परत गेलं तर हा म्हणतो मॉनिटर ओके हाय, पीसीतच डुप्लिकेट माल घातलाय. हॉस्टेलभर झालं, आठ दिवसांत सात बुकिंग कॅन्सल. रात्री झोप लागायची नाही.

तेव्हा मागं उभे राहिले ते मंगळवार पेठेतले दादा, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतात, अगदी पहिल्या महिन्यापासनंचं गिऱ्हाईक. त्यांनी पोराला पीसी-मॉनिटरसकट रिक्षात घालून आणलं. म्हणाले, 'मालक, ह्याच्यासमोरच उघडा.'

स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता, पण उघडायची वेळच आली नाही. माउस हलवला तर बाण सरकायच्या जागी उड्या मारत गेला. डिस्प्ले सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला ३० च वेळा बदलतंय. मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट (केबल लावायची जागा) १.४ चा, म्हणजे जुन्या पिढीचा, त्यावर फोर केला ३० च मिळतात. शेजारी डिस्प्ले पोर्ट नावाचा दुसरा पोर्ट होता, त्याची केबल लावली, ६० झालं, बाण सरळ पळाला. गेम तरी रडतच होती, कारण १०८० पी ला कार्डाला एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, जवळपास २०.७ लाख पिक्सेल (ठिपके) काढायचे असतात आणि फोर केला ८३ लाख, बरोबर चौपट, कार्ड मात्र तेच. गेममधलं रिझोल्यूशन १०८० पी वर आणलं तशा फ्रेम वाढल्या, चित्र जरा मऊ दिसलं. व्हिडिओला असं होत नाही, तो आधीच तयार असतो, कार्डातला डिकोडर नुसता उलगडून दाखवतो. गेमची फ्रेम दर वेळी नव्यानं काढावी लागते. म्हणून तर त्या माणसानं दुकानात व्हिडिओच दाखवला, गेम लावली नाही!

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, २४ इंचाला १०८० पी भरपूर झालं. २७ इंचावर तेच घेतलं तर अक्षरांचे दाणे दिसतात, तिथं १४४० पी घ्या, म्हणजे ३७ लाखांच्या आसपास पिक्सेल, मधल्या कार्डाला झेपतात. नुसतं व्हिडिओ बघणं नाहीतर दादांसारखं एडिटिंग असेल तर फोर के खुशाल घ्या, पण आधी पोर्ट बघा, केबल बघा, आणि दुकानात तुमचीच गेम लावायला सांगा, लाजू नका.

हॉस्टेलच्या सातपैकी पाच बुकिंग परत आली. पोरगं आता पुण्यात जॉबला आहे, दिवाळीला आलं की आधी दुकानात येतं. चार दुकानं सोडून असलेला रोज समोरनं जातो, 'चूक झाली' एवढं अजून त्याच्या तोंडातनं निघालेलं नाही.